नांदायचे की निघायचे?
(वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



समितीने आम्हाला 'कुटुंब' या विषयावर चार शब्द बोलायला सांगितले. आम्ही शिकलो ते गिरणीच्या साचेखात्यात आणि पाळी सुटल्यावर वाचनालयात. त्यामुळे पुस्तकी बोलणे आम्हाला जमणार नाही. पण आमच्या हातून एक चूक झाली आहे, ती आज कबूल करायची आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी एक मुलगी सासर सोडून माहेरी आली. नाव-गाव सांगत नाही. बैठक बसली, त्यात आम्हीही होतो. नवरा मारतो का? नाही. दारू पितो का? नाही. पगार घरी आणतो का? आणतो. "मग बाई, तुला दुःख कसलं?" असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "मामा, आमचं भांडण नाही. भांडायला तरी बोलावं लागतं." आम्ही सगळे हसलो. चहा झाला आणि तिला पुन्हा नांदायला पाठवून दिले. ती अजून नांदते आहे. भेटली की "बरं आहे मामा" म्हणते. त्यापुढे एक शब्द बोलत नाही.

ते हसणे पुढे आमच्यावरच उलटले. पत्नीला विचारूनच हे सांगतो. गिरणी बंद पडली तेव्हा आम्ही तिशीत होतो. वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. पत्नी जेवणाचे डबे करून घर चालवीत होती आणि आम्ही तिच्याशी धड दोन शब्द बोलत नव्हतो. एक दिवस पीठ मळता मळता ती म्हणाली, "मी सहा महिने बघते. उठलात, बोललात, तर राहीन. नाहीतर पोरांना घेऊन जाईन. धमकी देत नाही, सांगून ठेवते."

आम्हाला फार राग आला. पण चार दिवसांनी डब्यांच्या पिशव्या उचलल्या आणि पोचवायला निघालो. तिथून बोलणे सुरू झाले. ती राहिली. पण आम्ही बदललो नसतो आणि ती गेली असती, तरी तिचेच बरोबर ठरले असते. हे कबूल करायला आम्हाला वीस वर्षे लागली.

साच्यावर धागा तुटला तर आम्ही गाठ मारून पुढे जात होतो. सूतच कुजके निघाले तर कितीही गाठी मारा, धरत नाही. संसाराचेही तसेच आहे. म्हणून आम्ही आता तीनच गोष्टी विचारतो. मनातले दुःख जोडीदाराला स्पष्ट सांगितले आहे का? ऐकून तो किंवा ती काही करते आहे का, की नुसते "बघू" म्हणते? आणि लोक काय म्हणतील ही भीती बाजूला ठेवली तर तुझे मन काय सांगते? "मुलांसाठी राहा" म्हणणाऱ्यांनी एवढेच पाहावे, की मुक्या घरात मुले काय शिकतात.

मात्र जिथे मारहाण आहे, छळ आहे, तिथे मुदत नाही आणि बैठकही नाही. आधी जीव वाचवायचा. महिलांच्या मदतीसाठी १८१ हा नंबर आहे.

बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल रखडले, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. त्या बिलात घटस्फोटाचा हक्क होता. पुढे १९५५ चा हिंदू विवाह कायदा झाला. नाव हिंदू असले तरी तो आपल्या बौद्धांनाही लागू आहे. दोघांच्या संमतीने वेगळे होण्याची सोय त्यात १९७६ पासून आहे. त्यासाठी वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते आणि अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. योग्य प्रकरणात कोर्ट हे सहा महिने माफ करू शकते, असे सुप्रीम कोर्टाने २०१७ साली सांगितले. स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलेल्या सोडचिठ्ठीवर मात्र विसंबू नका. कोर्टाचा हुकूमनामा घ्या. वकिलाला पैसे नाहीत म्हणून कोणी बाई थांबू नये. तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला मोफत वकील मिळतो.

आम्ही कुणाला सोड म्हणत नाही, की राहा म्हणत नाही. निर्णय ज्याचा त्याने करावा. पण तो करायला माणसाच्या पायाखाली जमीन लागते. लेक परत आली तर आई-बापांनी दार उघडावे आणि "किती दिवस राहणार?" असे पहिल्याच दिवशी विचारू नये. यापुढे आमच्यासमोर कोणी असे दुःख घेऊन आले, तर आधी एकट्याने बोलू देऊ, पूर्ण ऐकू, आणि हसणार तर नाहीच.

एवढे बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो. जयभीम.