दुसरा गेम सवडीचा

आज आम्ही मोबाईलवरच्या खेळांबद्दल बोलणार आहोत. पोरांच्या नव्हे, आपल्या.

मानोऱ्यात आम्ही पाच जणी आहोत. एकीचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, एक अंगणवाडीत आहे, दोघी घरचं वावर बघतात आणि एक अजून शिकते आहे. पाचही जणी दोन वर्षांपासून एक ऑनलाईन गेम खेळतो. त्यात प्रत्येकीनं एक सोंग घ्यायचं असतं. कोणी तिरंदाज, कोणी जखमा भरून काढणारी वैदू, कोणी ढाल घेऊन पुढे उभी राहणारी. मग कुठकुठल्या देशांतून आलेल्या सोंगांबरोबर एकाच जगात हिंडायचं, लढायचं, माल घ्यायचा-विकायचा. यालाच रोल-प्लेइंग गेम म्हणतात. बहुरूप्याचंच काम, फक्त दारोदार जाऊन शिधा मागायचा नाही.

हा गेम सोडायचा नाही, पण जोडीला आणखी एक हवा, असं मध्यंतरी सगळ्यांच्या मनात आलं. कधीतरी, सवडीनं खेळायला. तो कोणता घ्यावा यावर आमच्यात महिनाभर चर्चा चालली. तीच आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी एक गोष्ट सांगून टाकू, कारण घरात ‘ऑनलाईन गेम’ म्हटलं की सासूबाईंच्या डोळ्यांपुढे रमी येते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून बंदी आणली. त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्स आणि निव्वळ करमणुकीचे खेळ वेगळे धरले आहेत. आम्ही बोलतो आहोत ते करमणुकीच्या खेळांबद्दल. यात पैसे लावायचे नसतात. पैसे जात नाहीत असं मात्र नाही, त्याबद्दल पुढे बोलूच.

तर दुसरा गेम कशाला? आमचा पहिला गेम आता बचत गटाच्या बैठकीसारखा झाला आहे. रात्री साडेनऊला सगळ्यांनी जमायचं. वैदू आली नाही तर बाकीच्या चौघी गुहेच्या तोंडाशी ताटकळत बसणार. त्यात मजा आहे, आम्ही ती आपखुशीनं पत्करली आहे. पण तीही एक जबाबदारीच झाली. भांडी घासून, दुसऱ्या दिवशीच्या डब्याची भाजी निवडून, मुलाच्या अभ्यासाला दिलेला फोन परत हातात येईपर्यंत नऊ वाजलेले असतात. तेवढा वेळ आपला. त्यातही कोणी वाट पाहत असेल, तर तो आपला कितपत राहिला? म्हणून दुसऱ्या गेमसाठी आम्ही एकच कसोटी लावायची ठरवली. सोयाबीनच्या सोंगणीत पंधरा दिवस फोनकडे बघायलाही फुरसत नसते. त्या पंधरा दिवसांनी परत गेलं, तर तो गेम आपल्याशी कसा वागतो?

कसोटी साधी वाटते, पण ती लावायला घेतली आणि एकेक गेम गळत गेला. कारण असे गेम फुकट दिले जातात ते तुम्ही रोज यावं म्हणूनच. रोज आलात की रोजची भेट. सात दिवस सलग आलात की मोठी भेट, मध्ये एक दिवस चुकला की पुष्कळदा मोजणी परत पहिल्यापासून. त्यात ‘फक्त या आठवड्यापुरता’ म्हणून एखादा इव्हेंट, त्यातला पोशाख पुन्हा मिळेल याची खात्री नाही. सेलच्या पाटीसारखंच आहे हे. गरज नसते, पण संपेल म्हणून आपण आत जातो.

‘गेनशिन इम्पॅक्ट’चं उदाहरण घ्या. चीनमधल्या मिहोयो कंपनीचा हा गेम २८ सप्टेंबर २०२० ला आला. दिसायला इतका देखणा की आमच्यातली शिकणारी पोरगी पहिल्या दिवशी नुसती डोंगरावर चढून सूर्यास्त बघत बसली होती. एकटीनं खेळता येतो, कोणी खोळंबत नाही, गोष्ट हवी तेव्हा पुढे नेता येते. इथपर्यंत सगळं आपल्या सोयीचं. पण त्यात ‘रेझिन’ नावाची एक शिदोरी आहे. मोठी बक्षिसं उचलायची तर ती खर्च करावी लागते. दर ८ मिनिटांना एक साठते आणि २०० झाली की भरणं थांबतं. हिशेब केला तर साधारण पावणेसत्तावीस तासांत भांडं भरतं. म्हणजे रोज एकदा येऊन ते रिकामं करा, नाहीतर पुढचं वाया गेलं, अशी चुटपुट लागते. खरं तर काहीच वाया गेलेलं नसतं. पण दुधाचं पातेलं उतू चाललंय असं वाटत असताना शांत बसणारी बाई आम्ही अजून पाहिलेली नाही.

शिवाय नवी पात्रं मिळतात ती सोडतीवर. पाच ताऱ्यांचं पात्र निघायची शक्यता दर खेपेला ०.६ टक्के, म्हणजे हजारात सहा. नव्वदाव्या खेपेपर्यंत एक नक्की देतात. हे आकडे कंपनी स्वतःच गेममध्ये दाखवते, तेव्हा फसवणूक म्हणता येणार नाही. तरीही आमचं मत विचाराल तर, जत्रेतल्या रिंग फेकायच्या दुकानात जिचा हात आवरत नाही, तिनं या वाटेला जाऊ नये. गोष्टीपुरता खेळायचा, सोडतीकडे बघायचंच नाही, हे जमत असेल तर खुशाल घ्या. फोनमध्ये जागा मात्र बक्कळ लागते. आमच्या दोघींच्या फोनवर तो उतरलाच नाही.

गैरहजेरीची शिक्षा इतरत्रही आहे. ‘फायनल फॅन्टसी फोर्टीन’ या प्रसिद्ध जपानी गेममध्ये खेळाडूला स्वतःचं घर घेता येतं, पण ४५ दिवस मालक त्या घरात फिरकला नाही तर ते पाडलं जातं. त्यांच्याकडे जागा कमी आणि मागणारे जास्त, म्हणून असा नियम. कारण पटतं. पण बाळंतपणाला माहेरी गेलेल्या बाईनं काय करायचं?

याच्या अगदी उलट ‘गिल्ड वॉर्स टू’. २०१२ साली आलेला, महिन्याची वर्गणी नाही, २०१५ पासून मूळ गेम फुकट. लेव्हलची शेवटची पायरी तेव्हाही ८० होती, आजही ८० च आहे. दुसऱ्या कितीतरी गेममध्ये नवा भाग आला की पायऱ्या वाढतात आणि कष्टानं कमावलेलं चिलखत भंगारात जातं. इथे तसं होत नाही. दोन वर्षांनी आलात तरी तलवार आपली आणि धारदारच. आमच्या कसोटीला हा पुरेपूर उतरला. अडचण एवढीच की तो फक्त कॉम्प्युटरवर चालतो, आणि आमच्या पाच घरांत मिळून कॉम्प्युटर एक, तोही दुकानाच्या बिलांसाठी. ज्यांच्या घरी आहे त्यांनी जरूर बघावा. त्यांच्यासाठीच आणखी एक नाव. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली ‘राजी’ नावाचा गेम काढला. भावाला शोधायला निघालेल्या मुलीची गोष्ट आहे. ऑनलाईन नाही, सोबतीलाही कोणी नाही, आणि गोष्ट संपली की गेम संपतो. सवडीच्या खेळाला शेवट असणं आम्हाला तरी फार सोयीचं वाटतं. आपल्या भुलाबाईलाही तो असतोच की. भाद्रपदाच्या पौर्णिमेला बसते आणि कोजागिरीला उठते. महिनाभर रोज घरोघर गाणी म्हणायची, डब्यातला खाऊ ओळखायचा, मग वर्षभर कोणी विचारत नाही की काल का नाही आलीस.

भुलाबाईचा विषय निघाला म्हणून सांगतो. ‘बायामाणसांनी गेम खेळायचा?’ असं आम्हालाही ऐकावं लागलं आहे. ऐकवणारे पारावर पत्ते कुटत बसले होते, ते असो.

आता मोबाईलवर काय चालेल? इथे इंग्लंडमधल्या रिचर्ड बार्टल यांचा एक विचार आमच्या कामी आला. रॉय ट्रबशॉ आणि बार्टल यांनी १९७८ साली एसेक्स विद्यापीठात ‘मड’ नावाचा गेम रचला. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं, पण अनेक माणसं एकाच जगात. आजच्या या खेळांची ती पणजीच म्हणा. पुढे १९९६ मध्ये बार्टल यांनी लिहिलं की असे खेळ खेळणारे चार तऱ्हांचे असतात. काहींना मिळवायचं असतं, काहींना हिंडून बघायचं असतं, काहींना माणसं हवी असतात आणि काहींना दुसऱ्यावर कुरघोडी करायची असते. आम्ही आपापली तऱ्हा ओळखायला बसलो तेव्हा बरंच हसू झालं. ढालवाली, जी घरात कोणाला उलटून बोलत नाही, ती कुरघोडीवाली निघाली.

पण त्यातून एक लक्षात आलं. पहिला गेम मिळवण्याचा आणि माणसांचा होता. दुसराही तसाच घेतला तर तेच काम दोनदा. म्हणून तो दुसऱ्या तऱ्हेचा हवा.

‘अल्बियन ऑनलाईन’ आम्ही आठ दिवस पाहिला. बर्लिनच्या कंपनीचा, २०१७ सालचा, २०२१ पासून मोबाईलवरही आहे. त्यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू खेळाडूंनीच बनवलेली असते, त्यामुळे बाजारभाव रोज वरखाली. ज्यांना अडतीच्या भावाची चर्चा आवडते त्यांचा जीव रमेल. निळ्या आणि पिवळ्या मुलखात मेलं तरी सामान शाबूत, लाल आणि काळ्या मुलखात अंगावरचं लुटलं जातं. ढालवाली खूश होती. त्यात आपलं बेट घेऊन गाजर, शेंगा, गहूही पेरता येतो, पीक २२ तासांत तयार. हे ऐकून वावरवाल्या दोघींनी एका सुरात सांगितलं, बाई, दिवसभर निंदण करून रात्री परत पेरणी नको.

शेवटी तिघींनी घेतला तो ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’. इंग्लंडच्या जॅगेक्स कंपनीचा. रूनस्केप मुळात २००१ चा. तो बदलत बदलत इतका बदलला की जुने खेळाडू हळहळू लागले, तेव्हा कंपनीनं जपून ठेवलेली २००७ ची प्रत काढून फेब्रुवारी २०१३ मध्ये वेगळी सुरू केली. मोबाईलवर २०१८ पासून. या गेममध्ये मोठा बदल करायचा असला की खेळाडूंचं मत घेतात, आणि आता ७० टक्के कौल पडल्याशिवाय तो होत नाही. चित्रं जुनाट, ठोकळ्यांसारखी. पण फोनवर ओझं नाही.

त्यात करायचं काय? नदीकाठी उभं राहून मासे धरायचे. झाडं तोडायची, विस्तव पेटवायचा, रांधायचं. अधूनमधून एक बोट लावायचं, बाकी वेळ शेंगा सोलायला हात मोकळे. स्वयंपाकाची लेव्हल कमी असली की मासा करपतो. वीस वर्षं चुलीपुढे काढलेल्या बाईला ‘तुझी स्वयंपाकाची पहिली पायरी’ असं सांगणारा गेम म्हणजे जरा अपमानच, पण चालतं. आमच्यातली माळकरी मैत्रीण मासे धरत नाही, ती लाकडंच तोडते. आणि मुख्य म्हणजे सामान तिथल्या पेढीत ठेवलं की तसंच राहतं. पंधरा दिवसांनी या, नदी तिथेच आणि मासेही तिथेच. फुकट भागात खेळ मर्यादित आहे, पुढच्यासाठी वर्गणी मागतात. सवडीनं खेळणारीला फुकटाचा भाग कितीतरी दिवस पुरतो.

एक सावधगिरी. तिथल्या बाजारात लोक ओरडत असतात, मला तुमची नाणी द्या, दुप्पट करून देतो. आधी थोडी खरंच दुप्पट करून देतात, मोठी रक्कम दिली की पसार. दामदुप्पट योजनांनी किती घरं बसली ते आपण जाणतोच. इथे निदान खोटी नाणी जातात. हवं तर हा बाजार मुलांना दाखवा, दामदुप्पट म्हणजे काय ते समजावून सांगणं सोपं जाईल.

चौथीनं गेनशिन घेतला, गोष्टीपुरता. पाचवी, अंगणवाडीवाली, म्हणाली, मला दुसरा गेम नको, मी त्या वेळात झोपते. तिच्याशी कोणी वाद घातला नाही.

कोणताही गेम घ्या, पण सोंगाचं नाव ठेवताना खरं नाव, गाव, जन्मसाल त्यात घालू नका. अनोळखी माणसांचं बोलणं बंद ठेवायची सोय सेटिंगमध्ये असते, ती पहिल्या दिवशीच शोधा. नंबर किंवा फोटो मागणाऱ्याला उत्तर न देता ब्लॉक करा. पैशाची फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाईनवर लगेच फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारण्याची सोय चालू करा, कारण तोच फोन मुलांच्या हातात जातो. आणि महिन्याची वर्गणी घेतली असेल तर ॲप फोनमधून काढून टाकल्यानं ती थांबत नाही. प्ले स्टोअरमध्ये जाऊन, सबस्क्रिप्शन उघडून, ती वेगळी रद्द करावी लागते. तिथे रद्द केल्याची तारीख दिसली की मगच ॲप काढा.