रात्रीचं पाणी



शिरूर-दौंडकडे उसाला रात्रीची वीज यायची. बिबट्याची भीती असूनही वडील हातात बॅटरी घेऊन दारं धरायला जायचे. आज मी सौरविजेच्या नियंत्रणाचे प्रोग्राम लिहिते. साठवणीचं गणित घरातलंच आहे. लिथियम बॅटरी म्हणजे रोजचा डबा. भरलेल्यातलं सुमारे ९० टक्के परत देते. हायड्रोजन म्हणजे कणगी, ढगाळ आठवड्यांसाठी. पण १ किलोला ५० युनिटांवर वीज लागते, परत मिळते जेमतेम १५-१७. म्हणून आधी डबा, उरलं तर कणगी. दोन्ही आटली तर आधी काय बंद करायचं, हे माणसानंच ठरवायचं. माझ्या यादीत दवाखान्याचा फ्रिज सर्वांत शेवटी. पंप मात्र उन्हातच चालतो. पाणी टाकीत साठतं, आणि कुणाच्या वडिलांना रात्री रानात जावं लागत नाही.