मोजे आणि मोजमाप

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात ‘माझा छंद’ या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रुळांवर काम करणारा डिप्लोमा इंजिनिअर छंदाबद्दल बोलणार म्हटल्यावर क्रिकेट किंवा भजन असेल, असे आपल्याला वाटले असेल. माझा छंद आहे मोजे विणणे. हसू आले असेल तर मोकळेपणाने हसा. आमच्या ऑफिसात सर्वांचे हसून झाले आहे, आणि त्यातल्या दोघांनी आता आपल्या पायाचे माप आणून दिले आहे!

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात माझ्या पायाला प्लॅस्टर होते. सहा आठवडे घरी. आईने सारी हयात आम्हा भावंडांना स्वेटर विणून घातले, पण आता तिला नजर साथ देत नाही. तिने सुया माझ्या हातात दिल्या. तिची विणकामाची भाषा अस्सल जबलपुरी : ‘दोन फंदे सीधे, दोन उलटे, मग सलाई बदल.’ दुकानात जाऊन लोकर नव्हे, ‘ऊन’ मागायचे. पुण्याची भाची म्हणाली, “मामा, ऊन तर अंगणात फुकट मिळते!”

पहिला जोड आईसाठीच करायचा ठरवले. पुस्तकात ६४ टाके लिहिले होते, मी ६४ घातले. ड्रॉइंगप्रमाणे काम करायची सवय! आईने ते दिवसभर घातले, कौतुक केले. रात्री काढले तेव्हा घोट्यावर लाल वळ उठलेले. आईला मधुमेह आहे, पायांची जाणीव कमी झाली आहे. तिला काही कळलेच नव्हते. अशा पायाला साधी जखमसुद्धा महागात पडते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी पट्टी घेऊन बसलो. आपल्या ब्रॉडगेजचे माप १६७६ मिलिमीटर, देशभर एकच. विणकामातही ‘गेज’ असते, म्हणजे एका इंचात किती टाके बसतात ते. पण ते प्रत्येक हाताचे निराळे! पुस्तकवाल्याच्या हाताने इंचात ८ टाके, म्हणजे ६४ टाक्यांचा मोजा ८ इंच घेराचा. माझा हात घट्ट, इंचात ९ टाके. माझा मोजा जेमतेम ७ इंचांचा झाला होता, आणि आईचा सुजलेला घोटा ९ इंचांचा. चूक पुस्तकाची नव्हती. मी माझा हात मोजला नव्हता आणि आईचा पायही मोजला नव्हता. मोजे विणायला बसलो आणि मोजायचेच विसरलो!

सगळे उसवले. नवा जोड ७६ टाक्यांचा, वरची कड सैल, आणि बोटांपाशी शिवणीचा उंचवटा नाही. तिथे दोन्ही बाजूंचे टाके दाभणाने असे जोडतात की जोड हाताला लागत नाही.

मग रंगाचा प्रश्न आला. करड्या रंगाचे मोजे आईला फरशीवर दिसत नसत. भडक रंग मात्र अजून दिसतात. म्हणून पांढरी लोकर आणून घरीच रंगवायला लागलो. बाजारात लोकर म्हणून ॲक्रिलिकही मिळते, त्याला हा रंग धरत नाही. एक धागा जाळून पाहावा : खरी लोकर जळक्या केसांसारखा वास देते आणि राख चुरगळते, ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. लोकरीचा रंग गरम पाण्यात सिरका घालून चढवतात. आच मंद ठेवायची, ढवळाढवळ करायची नाही, नाहीतर लोकरीचा गोळा होतो. हळदीने सुंदर पिवळा येतो, पण उन्हात उडतो. (इथले ऊन म्हणजे भाचीचे ऊन!) रंगाचे पातेले स्वयंपाकघराबाहेर ठेवायचे, हा सौ.चा हुकूम.

हाताने रंगवलेला धागा कुठे गडद, कुठे फिका. दोन मोजे एकसारखे होईनात, मी वैतागलो. आई म्हणाली, “अरे, माझे दोन पाय तरी कुठे सारखे आहेत?” खरेच, तिचा उजवा पाय अधिक सुजतो. इतके विणून ते माझ्या ध्यानात आले नव्हते. आता डावा ७६ टाक्यांचा, कड केशरी. उजवा ८० टाक्यांचा, कड जांभळी. रंग पाहून ती स्वतः बरोबर पायात घालते, कुणाला हाक मारत नाही.

हिमाचलातील लाहौलचे रंगीबेरंगी विणलेले मोजे प्रसिद्ध आहेत. २०२१ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. सुयांवरचे विणकाम तिथे १९व्या शतकात मोरावियन मिशनऱ्यांनी शिकवले. पण आज त्या मोज्यांवरची नक्षी लाहौलची म्हणून ओळखली जाते. शिकावे दुसऱ्याकडून, पण हात, पाय आणि रंग आपले ओळखावेत, एवढेच मला यातून कळले.

रुळांवर मी आजही एक मिलिमीटर सोडत नाही, सोडूही नये. घरी मात्र माप माणसागणिक घ्यावे लागते, आणि चुकले तर उसवायला लाजू नये. आई पहिल्या रांगेत बसली आहे. पायांत केशरी-जांभळा जोड आहे. कार्यक्रम संपल्यावर अवश्य पाहा, पण टाके मोजू नका!

गणपती बाप्पा मोरया!