तरफेचा धडा

श्रोतेहो, तीस वर्षें मीं शाळेंत तरफेचा नियम शिकविला. भार गुणिले भारभुजा बरोबर शक्ति गुणिले शक्तिभुजा, हें फळ्यावर लिहावें, मुलांकडून घोकून घ्यावें, कीं धडा संपला, अशी माझी समजूत होती. निवृत्तीनंतर भिवंडीजवळच्या एका गोदामांत एका जुन्या विद्यार्थ्याला भेटावयास गेलों, तेव्हां ती दूर झाली. ह्या मुलाला मीं एकदां भर वर्गांत म्हटलें होतें, "तूं जन्मभर ओझींच वाहणार." तो आज ओझीं वाहतो हें खरें; पण पाठीवर नव्हे. तो फोर्कलिफ्ट चालवितो.

ही गाडी म्हणजे चाकांवरची तरफच होय. पुढचीं चाकें हा टेकू. त्यांच्यापुढें दोन लोखंडी काट्यांवर माल, आणि मागें तोलासाठीं बसविलेलें ओतीव लोखंडाचें वजन. समजा, टेकूपासून काट्यांचें मूळ ४० सेंटिमीटरांवर आहे. एक मीटर लांबीच्या पेटीचा मध्य त्याच्यापुढें ५० सेंटिमीटरांवर येतो. म्हणजे भारभुजा ९०. अशी २००० किलोंची पेटी जी गाडी जेमतेम पेलते, तिला १६० सेंटिमीटर लांबीची पेटी दिली, तर भारभुजा १२० होते, आणि मर्यादा १५०० किलोंवर येते. गुणाकार दोहोंचा एकच. गाडीवरील पाटीवर ही मर्यादा लिहिलेली असते. ती ओलांडली कीं गाडी नाकावर उलथते.

दुसरेहि नियम आहेत. माल जमिनीलगत ठेवून चालावें. भरली गाडी चढावर असो वा उतारावर, माल चढाच्या अंगास असावा. मालानें समोरचें दिसेनासें झालें, तर मागें पाहात गाडी उलट चालवावी. वळतात तीं मागचीं चाकें. म्हणून वळतांना गाडीची पाठ बाहेर फेकली जाते, आणि बेसावध हमाल तिच्या तडाख्यांत सांपडतो. बसून चालवावयाची ही गाडी कलंडूं लागली, तर उडी मारूं नये. उडी मारणारा बहुधा तिच्याचखालीं येतो. कमरेस पट्टा असावा आणि चाक घट्ट धरून विरुद्ध अंगास झुकावें.

एके सायंकाळीं अशीच एक लांब, जड पेटी आली. मुकादमास घाई होती. तो म्हणाला, "दोन हमाल मागें बसव, म्हणजे तोल राहील." ह्यानें पेटी उचलण्यास साफ नकार दिला. त्या दिवसाची मजुरी बुडाली आणि चार लोकांत अपमान झाला, तो निराळाच.

"भीति नाहीं वाटली?" मीं विचारलें.

"वाटली, गुरुजी. पण तोलाला लोखंड घालावें, माणसें घालूं नयेत."

त्याचे वडील माथाडी हमाल होते. ह्या कष्टकऱ्यांसाठीं महाराष्ट्रानें १९६९ सालीं कायदा केला. तरी गोणीचें वजन कायद्यानें घटत नाहीं. पाठीवरचें तें ओझें यंत्रानें घेतलें. किती उचलावें आणि केव्हां नाहीं म्हणावें, हा विचार मात्र माणसावरच राहिला.

श्रोतेहो, निरोप घेतांना मीं माझ्या त्या जुन्या बोलण्याबद्दल त्याची क्षमा मागितली. आपल्या घरीं अभ्यासांत मागें पडणारें मूल असेल, तर त्याचें भविष्य सांगण्याची घाई आपण तरी करूं नये, एवढीच विनंति.