खाऱ्या पाण्यात पांढरं कापड

मी जळोचीतून बोलतेय, बचत गटाचं काम बघते.

तुकोबांची पालखी बारामतीत मुक्कामाला येते, तेव्हा घराघरांत पांढरी टोपी, धोतर, सदरा धुवायची घाई असते. अशाच घाईत आमच्या गटातल्या एका ताईंनी न्हाणीघरात कपडे ब्लिचिंग पावडरीत भिजवले. ते पाणी फरशीवर सांडलं होतं, त्यावरच त्यांनी संडास धुवायचं अ‍ॅसिड ओतलं. ही दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. ताईंना खोकल्याची उबळ आली, श्वास कोंडला. जाऊबाईंनी ओढून बाहेर काढलं, म्हणून निभावलं.

आता मूळ दुखणं बघू. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त. साबण त्या क्षारांशी मिळून चिकट थर होतो, तो कापडात बसतो. म्हणून जास्त साबण घासला तरी सदरा पिवळटच दिसतो.

यावर उपाय साधा आहे. बादलीभर गरम पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा विरघळवा. खायचा सोडा नव्हे हं! पांढरे सुती कपडे त्यात तासभर भिजू द्या. सोडा क्षारांना खाली बसवतो, मग थोडक्या साबणातही फेस येतो. कॉलर, बाही हातानं चोळा आणि स्वच्छ पाण्यानं दोनदा खळबळा. शेवटच्या बादलीत एका लिंबाचा रस गाळून टाका, उरलासुरला सोडा आणि साबण निघतो. मग कडक उन्हात वाळत घाला. ऊन फुकटात कापड उजळवतं.

नीळ मळ काढत नाही, फक्त पिवळेपणा झाकते. म्हणून ती कपडे धुऊन झाल्यावर, चार थेंब, आधी पाण्यात नीट मिसळून घाला.

रेशमी आणि लोकरीच्या कापडाला सोडा लावू नका. त्यांना रिठा बरा. रात्री भिजवा, सकाळी कुस्करून गाळा. खाऱ्या पाण्यातही त्याचा थर बसत नाही.

सोड्यानं हात सोलतात, तेव्हा काठीनं ढवळा आणि डबा पोरांपासून लांब ठेवा. घरात ब्लिचिंग पावडर असलीच, तर तिच्यात अ‍ॅसिडच काय, लिंबूसुद्धा पडू देऊ नका.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एक पिवळा पडलेला सदरा आणा. सगळ्या मिळून धुऊन बघू. टोपी पांढरी झाली नाही तरी वारी होते, बायांनो. पण आपला श्वास शाबूत पाहिजे.

रामकृष्ण हरी.