राखेचे सामर्थ्य



आपल्या नियोजित वसतिगृहाच्या काँक्रीटमध्ये काही सिमेंटाऐवजी औष्णिक वीजकेंद्राची राख घालण्यास काही वडीलधाऱ्यांचा विरोध आहे. त्यांच्या शंकेचे निरसन करणे आम्ही कर्तव्य समजतो. सिमेंट व पाणी यांच्या संयोगातून चुना मोकळा होतो. राखेतील सिलिका त्याच्याशी संयोग पावून सांधणारे नवे द्रव्य निर्माण करते, आणि सूक्ष्म छिद्रे बुजतात. दुबईच्या बुर्ज खलिफाच्या (२०१०) उच्च सामर्थ्याच्या काँक्रीटमध्येही अशी राख आहे. मात्र हे बळ सावकाश येते. म्हणून भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटास किमान ७ दिवस, तर राखमिश्रितास किमान १० दिवस पाणी मारावे लागते. भय राखेचे नसावे, घाईचे असावे. त्या छपराखाली आपलीच मुले निजणार आहेत. कार्यकारिणीने पाण्याच्या एकाही दिवसाची काटकसर करू नये, एवढीच आमची विनंती.