वाणांची तुलना आणि प्रचरण-विश्लेषण



भाताच्या तीन वाणांची सरासरी हेक्टरी ४०, ४३ आणि ४६ क्विंटल आली असे समजा. तिसरा वाण श्रेष्ठ, असा निकाल गावात तत्काळ लागेल आणि कोणी कर्ज काढून तेच बियाणे आणील. परंतु एकाच वाणाचे उत्पन्न निरनिराळ्या वाफ्यांत ३० पासून ५५ पर्यंत खालीवर होत असेल, तर सहा क्विंटलांच्या त्या फरकावर भरवसा कसा ठेवावा? प्रसिद्धीपत्रकात मात्र सरासरी तेवढी छापली जाते व वाफ्यांची हकीकत गळते, हे खेदाचे आहे.

इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर १९१९ साली रुजू झाले. बटाट्याच्या बारा वाणांना निरनिराळी खते देऊन झालेल्या प्रयोगाचे विश्लेषण त्यांनी एका सहकाऱ्यासमवेत १९२३ साली प्रसिद्ध केले. उत्पन्नातील एकूण चढउताराची त्यांनी वाटणी केली : वाणामुळे किती, खतामुळे किती, आणि जमिनीच्या कमीअधिक कसामुळे व योगायोगाने किती. या शेवटच्या हिश्श्याच्या मापाने इतर हिश्श्यांची पारख करावयाची, हेच प्रचरण-विश्लेषणाचे मर्म होय. प्रत्येक वाण खताला वेगळा प्रतिसाद देतो, या समजुतीला त्या प्रयोगात आधार मिळाला नाही.

दोन-दोन वाणांची तुलना का करू नये? पाच वाणांच्या जोड्या दहा होतात. प्रत्येक तुलनेत शंभरात पाच वेळा चुकण्याची मुभा ठेवली, तर दहांत कोठे तरी खोटा विजेता निघण्याचा संभव पुष्कळ वाढतो. म्हणून प्रथम सर्व सरासऱ्यांची एकत्र कसोटी घेतात. फरक आहे एवढेच ती सांगते. सरस कोण, हे त्यानंतर पाहावयाचे.

आपल्याकडे या पद्धतीचा पाठ मराठी माणसांनीच घालून दिला. इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत कापसावर काम केलेले वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातील पां. वा. सुखात्मे यांचा कृषी कार्यकर्त्यांसाठी लिहिलेला संख्याशास्त्रीय ग्रंथ भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ साली प्रकाशित केला.

विहिरीलगतचा वाफा एका वाणाला व माळावरचा दुसऱ्याला दिला, तर तो पक्षपात कोणतेही गणित धुऊन काढू शकत नाही. यासाठी सारख्या कसाच्या जमिनीचे पट्टे पाडतात आणि प्रत्येक पट्ट्यात कोणता वाण कोठे पेरावयाचा, हे चिठ्ठ्या टाकून ठरवितात. चार पट्टे व तीन वाण, असा बारा वाफ्यांचा प्रयोग शाळेच्या बागेतही शिक्षकांना मांडता येईल.